आरसी गाडीचे स्क्रू सुटतात : लॉकटाइट कुठे लावायचं, कुठे नाही?

घाटरस्ता
मंडळी, नमस्कार. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

माझ्याकडे आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी आहे, १/१० मापाचा शॉर्ट कोर्स ट्रक. ब्रशलेस मोटर, ३ सेलची लायपो बॅटरी. दोन-तीन बॅटऱ्या पळवल्या की मोटर माउंटचे स्क्रू ढिले होतात, मोटर मागे सरकते आणि पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं गिअर) स्पर गिअरच्या (त्याला जुळणारं मोठं गिअर) दातांच्या नुसत्या टोकांवर चालायला लागतं. परवा तर पिनियनला शाफ्टवर धरणारा, डोकं नसलेला ग्रब स्क्रूच सुटला आणि स्परचे दात साफ झाले. प्लास्टिकचा स्पर, खर्च फार नाही, पण भाग मागवला की आठवडा वाया.

भोसरीतल्या एका दुकानात जाऊन लॉकटाइट (स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांत लावायचं द्रव) मागितलं. त्याने लाल बाटली हातात ठेवली. घरी येऊन वाचलं तर सगळीकडे एकच : लाल लावलं की स्क्रू परत निघत नाही. बाटली अजून उघडलेली नाही. परत करू की वापरू? आणि गाडीवर नेमकं कुठे कुठे लावायचं? एक मित्र म्हणतो, सगळ्या स्क्रूंना लाव आणि विसरून जा.

दहाचा_पाना
बाटली लाल आहे की आतलं द्रव लाल आहे? दोन्ही वेगळ्या गोष्टी. बाटलीवर तीन आकडी नंबर असेल तो सांगा.

घाटरस्ता
२४३.

दहाचा_पाना
मग परत करू नका, हेच हवं होतं. लॉकटाइटची बाटली लाल असते, आत कुठलाही प्रकार असो. २४३ चं द्रव निळं असतं, म्हणजे मध्यम ताकदीचं, साध्या हत्यारांनी निघणारं. रंगावर जाऊ नका, नंबरावर जा. २२२ जांभळा, कमी ताकदीचा, बारीक स्क्रूंसाठी. २४२ आणि २४३ निळे. २६२ आणि २७१ लाल, हे खरे हट्टी. २९० हिरवा, तो आधी आवळलेल्या स्क्रूच्या कडेला सोडला तरी आट्यांत झिरपत जातो. आणि ६३८ सुद्धा हिरवाच, पण तो आट्यांसाठी नाहीच, शाफ्टवर बेअरिंग किंवा बुश पक्कं बसवायला असतो. दुकानात ‘हिरवं द्या’ म्हणून मागाल तर काय मिळेल ते नशिबावर. दुसऱ्या कंपन्यांचे रंग याच हिशोबाने असतील याचीही खात्री नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. मित्राचं अजिबात ऐकू नका. नियम एकच धरा : धातूचा स्क्रू धातूच्या आट्यात जात असेल तरच. तुमच्या ट्रकवर अशा जागा मोजक्याच निघतील. मोटरचे दोन स्क्रू, पिनियनचा ग्रब, सीव्हीडीच्या (चाकाकडे जाणाऱ्या, सांधा असलेल्या दांड्याच्या) गाठीतली आडवी पिन धरणारा बारीक ग्रब, अ‍ॅल्युमिनियमचे हब किंवा स्टिअरिंगचे भाग लावले असतील तर त्यांतले बॉल स्टड (गोळीसारख्या डोक्याचे स्क्रू), आणि डिफचे (डिफरन्शियलचे) आउटड्राइव्ह, म्हणजे दांड्या ज्यांत बसतात ते भाग, स्क्रूने धरलेले असतील तर ते. बाकी गाडी बहुतेक नायलॉनची असते, तिथे बाटली उघडायचीच नाही.

लावायची पद्धत : आधी आटे कोरडे आणि स्वच्छ. नवीन स्क्रूवरसुद्धा तेलाचा हात असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनमध्ये स्क्रू बुडवून पुसा, भोकातही भिजवलेली काडी फिरवा (अ‍ॅसिटोन प्लास्टिकपासून लांब). मग एम३ (३ मिमी जाडीच्या) स्क्रूला टाचणीच्या टोकाएवढा थेंब, जेवढे आटे आत गुंततात तेवढ्यावरच. आरपार भोक नसेल तर थेंब भोकाच्या तळाशी सोडा. स्क्रूवर लावला तर आत अडकलेली हवा त्याला वर ढकलून देते आणि सगळं डोक्याभोवती गोळा होतं. आवळल्यावर दहा-पंधरा मिनिटांत धरतं, पण पूर्ण ताकद २४ तासांनी. शनिवारी संध्याकाळी लावा, रविवारी संध्याकाळी पळवा.

तिखटमीठ
चांगला धागा. आमच्याकडे चिरंजीव गाडी पळवतात आणि उघडायला माझ्याकडे आणून देतात. आतापर्यंत फेविक्विकवर भागवलंय. त्यात इतकं वाईट काय आहे? दहा रुपयांत काम होतं.

दहाचा_पाना
ताई, धरतं ते खरं. पण सायनोअ‍ॅक्रिलेट वाळलं की ठिसूळ होतं. ओढायला चांगलं, आदळायला वाईट, आणि आरसी गाडी दिवसभर आदळतच असते. दुसरं, ते हवेतल्या ओलाव्यावर सेकंदांत धरतं, म्हणजे स्क्रू अर्धा आत गेला असतानाच अडकू शकतो. तुम्हाला वाटतं आवळला गेला, प्रत्यक्षात डोकं अजून टेकलेलंच नसतं.

थ्रेडलॉकर, म्हणजे लॉकटाइटसारखं द्रव, उलट्या स्वभावाचं. हवा लागते तोवर पातळ राहतं. आट्यांच्या फटीत हवा बंद झाली आणि लोखंड किंवा तांब्याचे आयन मिळाले की घट्ट होतं. म्हणून तर बाटली अर्धीच भरलेली येते. दुकानदाराने चोरलेलं नसतं :) आतली हवाच त्याला टिकवून धरते. त्यामुळे तुम्ही निवांत आवळू शकता, आणि बाहेर सांडलेलं ओलंच राहतं, फडक्याने पुसून निघतं.

तिखटमीठ
अर्धी बाटली पाहून मी खरंच दुकानदाराशी भांडले असते. आणि नेलपॉलिश? यूट्यूबवर सगळे लावतात.

यंत्रयुग
नेलपॉलिशचा उपयोग आहे, पण वेगळा. आत, आट्यांमध्ये, त्यातलं सॉल्व्हंट उडायला वाट मिळत नाही, त्यामुळे तिथे ते धड वाळत नाही. मात्र स्क्रू आवळून झाल्यावर डोक्यावरून माउंटवर एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ मोडलेली दिसली की कळलं, स्क्रू फिरलाय. कारखान्यात हेच खुणेच्या रंगाने करतात. मोटरच्या स्क्रूंना जरूर करा, गाडी न उघडता तपासणी होते.

धागाकर्त्यांना एक विचारायचं आहे. मोटर माउंटवर स्क्रूची भोकं गोल आहेत की लांबट खाचा आहेत? आणि डोक्याखाली वॉशर आहे का?

घाटरस्ता
एक गोल, एक लांबट. वॉशर नाहीत. गाडी घेतली तेव्हापासून नव्हते.

यंत्रयुग
तिथेच पाणी मुरतंय. थोडं लांबण लावतो, पण हे समजलं की निम्मे प्रश्न सुटतील.

स्क्रू आवळतो तेव्हा तो किंचित ताणला जातो आणि दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. काम तो दाब करतो, आटे नव्हे. लांबट खाचेत मोटर फक्त या दाबातून येणाऱ्या घर्षणावर उभी असते. थ्रॉटल मारलं की स्पर पिनियनला बाजूला ढकलतो, ब्रेक मारला की उलट दिशेने. दाब पुरेसा नसेल तर मोटर केसभर इकडे-तिकडे सरकते. असं आडवं सरकणं सुरू झालं की स्क्रू आपोआप उलटा फिरायला लागतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये हेच दाखवून दिलं : उभ्या हादऱ्यांपेक्षा आडवं घसरणं बोल्टला जास्त लवकर सोडवतं. आजही बोल्ट सुटण्याच्या चाचणीला त्याचंच नाव आहे. त्याच चाचणीवर साधे स्प्रिंग वॉशर फारसे टिकत नाहीत, त्यामुळे कुणी ते सुचवलं तर हसून सोडून द्या.

तेव्हा आधी दाब वाढवा. खाचेच्या कडांवर स्क्रूचं डोकं जेमतेम टेकतं, तिथे जाड सपाट वॉशर घाला. बटन हेडऐवजी (चपटं, घुमटासारखं डोकं) कॅप हेड (उंच, नळकांड्यासारखं डोकं) घ्या. एम३ बटन हेडला २ मिमीची अ‍ॅलन की लागते, कॅप हेडला २.५ ची, म्हणजे डोकं गोल न करता जास्त आवळता येतं. मात्र वॉशर आणि स्क्रूच्या लांबीचा मेळ घाला. मोटरच्या पुढच्या झाकणातून स्क्रू जास्त आत गेला तर वाइंडिंगला लागेल आणि मोटरचं श्राद्ध घालावं लागेल. आणि झाकण अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे उडतील इतका जोर नको. ८.८ दर्जाच्या (हा आकडा पोलादाच्या ताकदीचा) एम३ स्क्रूला पोलादात साधारण १.२ न्यूटन-मीटर चालतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये त्याहून कमीवर थांबायचं. आरसीच्या छोट्या मुठीच्या ड्रायव्हरने, कोपर न हलवता, मनगटापुरतं आवळलं की तेवढं होतं.

हे सगळं झाल्यावर थ्रेडलॉकर. ढिला स्क्रू त्याने घट्ट होत नाही. घट्ट असलेला फिरू नये एवढंच त्याचं काम.

नागदेवीफेरी
+१. सगळे जण बाटलीवर बोलतात, स्क्रूवर कुणी बोलत नाही. किटसोबत आलेले स्क्रू बऱ्याचदा मऊ असतात. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटवर १२.९ दर्जाचे, म्हणजे ८.८ हून कडक, एम३ अ‍ॅलन बोल्ट हव्या त्या लांबीत मिळतात. दुकानदार ‘किती किलो’ विचारेल, लाजायचं नाही, पन्नास मागायचे.

स्टेनलेसच्या चमकीला भुलू नका. सामान्य स्टेनलेस १२.९ पेक्षा बराच मऊ, अ‍ॅलनचं भोक लवकर गोल होतं. वर त्याच्या पृष्ठभागावर थ्रेडलॉकर सावकाश धरतं. टायटॅनियम आणि अ‍ॅनोडाइज केलेलं अ‍ॅल्युमिनियमही तसंच सुस्त. जुन्या २४२ पेक्षा २४३ अशा धातूंवर आणि थोड्या तेलकट आट्यांवर बरं चालतं, म्हणून त्या दोघांत निवड असेल तर २४३.

नायट्रोवाला
सगळे निळ्याच्या आरत्या ओवाळताय, म्हणून विरोधी पक्षात बसतो. माझी १/८ नायट्रो (इंधनाच्या इंजिनावर चालणारी) बगी आहे. इंजिन माउंटच्या स्क्रूंना मी २६२ लावतो आणि कधीही सुटलेले नाहीत. इलेक्ट्रिकवाल्यांना कंपन काय असतं ते ठाऊकच नाही. वर इंजिनाची उष्णता, निळं तिथे वितळून जाईल.

दहाचा_पाना
कंपनाचं मान्य. उष्णतेचं नाही. २४३ ला १८० अंश सेल्सिअसपर्यंत चालण्याचं प्रमाण आहे. तुमच्या इंजिनाच्या हेडचं तापमान चांगल्या ट्यूनिंगला १०० ते १२० च्या आसपास, आणि माउंटचे स्क्रू तर खाली क्रँककेसला, तिथे त्याहून थंड.

नायट्रोत निळं धरत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा इंधनातलं तेल असतं. एक्झॉस्टमधून उडालेलं तेल सगळीकडे बसतं, आणि आपण त्याच आट्यांवर थेंब सोडतो. धुऊन लावून पाहा एकदा. लाल काढताना क्रँककेसचे अ‍ॅल्युमिनियमचे आटे स्क्रूसोबत बाहेर आले तर? स्क्रू पाच रुपयांचा, क्रँककेसची किंमत तुम्हीच सांगा.

नायट्रोवाला
काढताना मी तापवतो, आजवर आटे आलेले नाहीत. पण धुण्याचा मुद्दा नोंद केला. क्लच बेलच्या स्क्रूला मात्र मीही निळंच लावतो, आणि तिथे अगदी कणभर, कारण शेजारीच क्लचची बेअरिंग. थेंब आत गेला की बेअरिंगचं काम तमाम.

तिखटमीठ
प्लास्टिकला का नाही, हे कुणी सांगेल का? चिरंजीवांच्या गाडीत सस्पेन्शन आर्मचे स्क्रू सारखे बाहेर येतात, आणि ते प्लास्टिकातच जातात.

यंत्रयुग
दोन कारणं. एक, प्लास्टिकात धातूचे आयन नाहीत, त्यामुळे ते नीट धरत नाही, नुसतं ओलं राहून पसरतं. दोन, काही प्लास्टिकांवर ते हल्ला करतं. पॉलिकार्बोनेट आणि एबीएसला ताणाखाली बारीक तडे जातात, आज दिसत नाहीत, पुढच्या उडीला भाग दुभंगतो. गाडीची पारदर्शक बॉडी पॉलिकार्बोनेटची असते, तिच्या आसपासही नको. आर्म बहुधा नायलॉनचे असतात, ते सोसतात, पण फायदा शून्य.

प्लास्टिकातला स्क्रू बाहेर येतो कारण दर वेळी बसवताना तो जुन्या आट्यांच्या शेजारी नवे आटे कापतो. बसवताना आधी स्क्रू हलक्या हाताने उलटा फिरवा. एका जागी तो ‘टक्’ करून किंचित खाली बसेल, तिथे जुना आटा सुरू होतो. मग सुलटा फिरवून आवळा. भोक आधीच सैल झालं असेल तर त्याच जाडीचा थोडा लांब स्क्रू, तेवढी जागा असेल तर. नाहीतर आर्म बदला.

तिखटमीठ
‘टक्’ सापडला! करून पाहिलं, खरंच होतं. चिरंजीवांना शिकवते, म्हणजे माझी सुटका.

जुनाबाजार
माझा प्रश्न उलटा आहे. सेकंडहँड गाडी घेतली. आधीच्या मालकाने पिनियनच्या ग्रबला काय ओतलंय देव जाणे, दीड मिमीची अ‍ॅलन की आत फिरायला लागलीय. पिनियन बदलायचंय. हीट गन आहे माझ्याकडे.

दहाचा_पाना
हीट गन खाली ठेवा आधी. मोटरच्या रोटरमध्ये (फिरणाऱ्या भागात) निओडिमियमची चुंबकं असतात, जास्त तापली की ताकद कायमची जाते. शिवाय आजूबाजूला सगळं प्लास्टिक.

सोल्डरिंग आयर्न घ्या, ६० वॉटचं असेल तर उत्तम. टोक थेट ग्रबच्या भोकात घालून एक-दोन मिनिटं ठेवा. उष्णता नेमकी स्क्रूला मिळते. लाल प्रकार सुटायला २५० अंशांच्या आसपास जावं लागतं, निळा असेल तर बहुधा बराच आधी मऊ पडेल. गरम असतानाच काढायचं, थंड झालं की परत घट्ट. मध्ये मध्ये मोटरला हात लावून पाहा, चटका बसायला लागला तर थांबा. आणि खिडकी उघडी ठेवा, वास चांगला नसतो.

पण त्याआधी की तपासा. काही पिनियनांचे ग्रब इंचाच्या मापात असतात. १/१६ इंच म्हणजे १.५९ मिमी, त्यात १.५ ची की जाते पण खेळ राहतो आणि कडा गोल होतात. अनेकदा दोष लॉकटाइटचा नसतोच. भोक पूर्ण गोल झालं असेल तर किंचित मोठा टॉर्क्स बिट (सहा टोकांच्या चांदणीसारखा) हलक्या हातोडीने ठोकून बसवा. ठोकताना पिनियनखाली लाकडाचा टेकू हवा, मार मोटरच्या बेअरिंगवर जाता कामा नये. तरीही नाही निघाला तर पिनियन कटिंग डिस्कने कापून टाका. तसंही बदलायचंच आहे.

जुनाबाजार
१/१६ चीच निघाली! शेजाऱ्यांच्या जुन्या सेटमध्ये इंची की सापडली. सोल्डरिंग आयर्न टेकवलं, एक कर्कश ‘कट्’ आणि सुटला. आत लाल भुगा. शाफ्टवर ग्रबने पाडलेला खड्डा आहे, पण सपाट भाग सोडून भलतीकडेच.

नागदेवीफेरी
म्हणजे आधीच्या मालकाचं कारण कळलं. शाफ्टवर एक बाजू सपाट घासलेली असते, ग्रब तिथेच, काटकोनात टेकला पाहिजे. गोल भागावर टेकवला की सरकतो, मग माणूस बाटलीवर बाटली ओततो. खड्ड्याभोवती वर आलेली कड बारीक कानशीने घासून घ्या, नाहीतर नवं पिनियन चढणार नाही. नवं बसवताना शाफ्ट आणि पिनियनचं भोक दोन्ही पुसा. थेंब पिनियनच्या आट्यात, शाफ्टवर नाही. शाफ्टवरून ते ओघळत मोटरच्या बेअरिंगमध्ये जातं.

घाटरस्ता
धागाकर्ता परत हजर. सगळं उघडलं. मोटरचे स्क्रू कॅप हेड केले, जाड वॉशर घातले, अल्कोहोलने धुतले, २४३ चा टिपका, वर आईच्या नेलपॉलिशची रेघ. पिनियनचा ग्रब सपाट भागावर घेतला. गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून अंतर ठेवलं. कालपर्यंत रेघ जागेवर आहे, स्परही शाबूत.

आता शंका चाकांच्या नटची. एम४ नायलॉक आहेत, आणि डावीकडचा एक बोटाने फिरतो. त्याला लावू का थेंब? आणि स्लिपर क्लचच्या (जास्त झटका आला की घसरून गिअर वाचवणाऱ्या भागाच्या) नटला?

यंत्रयुग
दोन्हीकडे नको. नायलॉक आतल्या नायलॉनच्या कड्याने धरतो. तो बोटाने फिरतोय म्हणजे कडं झिजलं, नट फेकून नवा घ्या, चार-दोन रुपयांची गोष्ट. स्लिपरचा नट तर मुद्दाम कमी-जास्त करण्यासाठीच असतो, तो चिकटवला तर स्लिपर ठेवण्यात अर्थ काय?

नायट्रोवाला
आणि १/८ च्या १७ मिमीच्या मोठ्या नटांना? माझे तर दर शर्यतीत एखादा जातोच.

दहाचा_पाना
तुमचे नट आतून दातेरी आहेत का ते बघा. दाते गुळगुळीत झाले असतील तर नट बदला. चाकाच्या प्लास्टिकवर जिथे नट टेकतो ती जागा झिजून खोल गेली असेल तर चाकही. लॉकटाइट तिथेही नको, टायर बदलायला दर वेळी सोल्डरिंग आयर्न घेऊन मैदानावर जाणार का?

नायट्रोवाला
दाते आहेत, पण तीन नटांचे घासून सपाट झालेत. चौथा नवा आहे, तो कधी गेलेला नाही. बरं, मागवतो.